सेरेंगेटीच्या माळावर

'सफर' हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. सफर म्हणजे प्रवास. मूळचा हा अरबी शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत येऊन स्थिरावला. अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तोच शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही उतरला आणि तेथील स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. प्रारंभी सफारी म्हणजे कोणताही दूरचा प्रवास. पुढे परदेशांतून शिकारी येऊ लागले. बंदुका, तंबू आणि ओझेकरी घेऊन ते महिनोन्‌महिने रानांत हिंडू लागले, तेव्हा या शब्दास शिकारीच्या मोहिमेचा अर्थ चिकटला. आज सफारीला जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांच्या हाती बंदूक नसते, दुर्बीण असते. प्राणी मारण्यासाठी ते जात नाहीत, पाहण्यासाठी जातात. मुलांनो, हे पाहणे म्हणजे काय, त्यासाठी कोणती तयारी लागते आणि ते नीट न केल्यास प्राण्यांचे काय नुकसान होते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात टांझानिया नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेस, विषुववृत्तापासून थोड्याच अंतरावर, सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. या उद्यानाची स्थापना १९५१ साली झाली. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढे आहे. 'सेरेंगेटी' हे नाव तेथील मसाई लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'अंत नसलेला माळ' असा सांगतात. नाव अगदी यथार्थ आहे. नजर पोहोचेल तेथवर गवत. अधूनमधून छत्रीसारख्या पसरलेल्या बाभळी. कोठे कोठे काळ्या-करड्या खडकांचे उंचवटे. आणि वर विशाल आकाश. या माळावर सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती, जिराफ, रानरेडे, तरस, शहामृग आणि नाना जातींची हरणे राहतात.

इतके प्राणी जेथे राहतात, तेथे ते दिसण्यास काय अवघड, असे तुम्हांस वाटेल. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापुढे उभे राहिले की सिंह दिसतो. माळावर तर पिंजराही नाही! परंतु नवखा प्रवासी या माळावर पहिल्या दिवशी तासन्‌तास फिरतो आणि त्याला नुसते गवतच दिसते. त्याच मोटारीत बसलेला वाटाड्या मात्र मैलभर अंतरावरच्या झाडाकडे बोट करून म्हणतो, "त्या डावीकडच्या फांदीवर बिबट्या झोपला आहे." वाटाड्याचे डोळे काही निराळ्या मातीचे नसतात. त्याने पाहण्याची विद्या शिकलेली असते. ती विद्या थोडीबहुत शिकण्यासाठी आपण मनाने त्याच्याच मोटारीत जाऊन बसू.

पहाटेची वेळ आहे. वर उघडणाऱ्या छताची मोटार हळूहळू चालली आहे. इतक्या लवकर का निघावयाचे? कारण ऊन चढले की माळ तापतो आणि बहुतेक प्राणी सावली धरतात. सिंह तर दिवसाच्या चोवीस तासांपैकी वीस तासांपर्यंत पडून राहू शकतो. रात्रीच्या गारव्यात त्याची हालचाल चालते. रात्रीचे काम संपवून परतणारे आणि दिवसाचे काम आरंभणारे असे दोन्ही प्रकारचे प्राणी ज्या वेळी जागे असतात, ती वेळ सूर्योदयाची होय. 'पोले पोले', म्हणजे 'हळू हळू', हे स्वाहिली भाषेतील शब्द येथे वारंवार कानी पडतात. मोटार वेगाने पळाली, तर डोळ्यांसमोरून जाणारे पुष्कळसे डोळ्यांत शिरतच नाही.

आपल्यापैकी कोणी उतावीळपणे विचारतो, "काका, सिंह कुठे आहे?"

वाटाड्या हसून सांगतो, "सिंह शोधू नकोस, बाळ. सिंहाचा कान शोध."

हा पहिला धडा. सुक्या गवताचा रंग आणि सिंहाच्या अंगाचा रंग जवळजवळ एकच. गवतात बसलेली सिंहीण आपल्याला आखीव चित्रासारखी समोर दिसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तथापि सिंहाच्या कानांची मागची बाजू काळसर असते आणि शेपटीच्या टोकाला काळा गोंडा असतो. पिवळ्या गवतात मध्येच एक काळा ठिपका हलला, की तेथे थांबावे. बिबट्याच्या बाबतीत शोधावयाची ती शेपटी. झाडाच्या फांद्या वर जातात किंवा आडव्या पसरतात. मग एका फांदीखाली सरळ लोंबणारी आणि टोकाशी किंचित वळलेली ही दोरी कसली? ती बिबट्याची शेपटी असते. कधी त्याच फांदीवर हरणाचे कलेवर अडकवलेले दिसते, कारण सिंह आणि तरस यांपासून आपली शिकार राखण्यासाठी बिबट्या ती झाडावर ओढून नेतो. थोडक्यात, जाणता पाहणारा संपूर्ण प्राणी शोधीत बसत नाही. जेथे जे असू नये ते तेथे दिसले, की तो सावध होतो.

दुसरा धडा याहून मोलाचा आहे. माळावर आपल्यापेक्षा तीक्ष्ण डोळे असलेले प्राणी पुष्कळ आहेत. त्यांच्या डोळ्यांनी पाहावयास शिकले पाहिजे. जिराफाची मान इतकी उंच असते, की तो माळावरचा जणू फिरता मनोराच होय. चार जिराफ चरणे सोडून एकाच दिशेला टक लावून उभे असतील, तर आपणही त्याच दिशेला दुर्बीण वळवावी; तिकडे बहुधा सिंह असतो. गिधाडे आकाशात नुसती घिरट्या घालीत असतील, तर ती वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या आधाराने तरंगत असतात. परंतु एकामागून एक गिधाड पंख आवळून खाली झेपावू लागले, तर खाली एखादे कलेवर पडले आहे हे निश्चित. आणि हीच गिधाडे खाली उतरण्याऐवजी झाडाच्या शेंड्यावर मुकाट्याने बसून राहिली असतील, तर त्या कलेवराचा धनी, म्हणजे एखादा सिंह किंवा तरस, अजून जेवणावर बसलेला असण्याचा संभव फार.

ही रीत आपल्याकडील अरण्यांतही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या अरण्यात वाघ शोधणारा वाटाड्या वाघाच्या आधी वानरांकडे आणि चितळांकडे लक्ष देतो. झाडावरून वानर खोकल्यासारखा इशारा देऊ लागला आणि चितळाची तीक्ष्ण हाक त्यात मिसळली, की जवळपास वाघ अथवा बिबट्या हिंडत आहे असे तो ओळखतो. देश दूर असले, तरी भक्ष्याने भक्षकाची वर्दी देण्याची पद्धत सारखीच आहे.

तिसरा धडा जमिनीवर लिहिलेला असतो. रात्रभर त्या वाटेने कोण गेले, हे सकाळी मातीत वाचता येते. सिंह आणि बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात. म्हणून त्यांच्या पंज्यांच्या ठशांत नखे उमटत नाहीत. तरसाच्या ठशांत ती स्पष्ट उमटतात. चित्ता मार्जारकुळातला असूनही त्याची नखे पुरती आत जात नाहीत. धावताना ती जमिनीत रुतून त्याला आधार देतात, म्हणून त्याच्याही ठशांत नखे दिसतात. वाटेच्या कडेला वाळलेली पांढरी विष्ठा पडली असेल, तर ती तरसाची समजावी. तो हाडेसुद्धा चावून खातो आणि त्या हाडांतील चुन्यामुळे विष्ठेला पांढरेपणा येतो.

असे वाचीत वाचीत आपण माळाच्या दक्षिण भागात येतो. महिना फेब्रुवारीचा आहे. एकाएकी क्षितिजावर काळे ठिपके दिसू लागतात. पुढे जावे तसे ते वाढतात. शेवटी दोन्ही बाजूंना प्राणीच प्राणी! हे नू होत. नूला कोणी वाइल्डबीस्ट असेही म्हणतात. शिंगे गाईसारखी, मान जाड, हनुवटीखाली दाढी आणि मागचा भाग उतरता, असा त्याचा काहीसा ओबडधोबड आकार असतो. या सेरेंगेटीच्या प्रदेशात सुमारे तेरा लाख नू आहेत. त्यांच्याबरोबर लक्षावधी झेब्रे आणि छोटी हरणेही असतात. पाऊस जिकडे पडतो आणि गवत जिकडे उगवते, तिकडे हा प्रचंड समुदाय वर्षभर फिरत राहतो. उन्हाळी पावसानंतर तो वायव्येकडे सरकतो. जुलैच्या सुमारास उत्तरेकडील मारा नदीवर पोहोचतो. मगरींनी भरलेली ती नदी पोहून केनिया देशात शिरतो. आणि वर्षाच्या अखेरीस पुन्हा दक्षिणेच्या माळावर परततो.

दक्षिणेच्या माळाचीच ओढ या प्राण्यांना का असावी? तेथील जमीन ज्वालामुखीच्या राखेने बनलेली आहे. त्या राखेतील क्षार गवतात उतरतात आणि त्या गवतावर चरणाऱ्या मातांचे दूध सकस होते. म्हणून नूच्या माद्या येथेच वितात. बहुतेक सर्व वासरे दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्माला येतात. जन्मलेले वासरू काही मिनिटांतच लटपटत उभे राहते आणि थोड्याच वेळात आईच्या बरोबरीने धावू लागते. एवढी घाई कशासाठी, हे तुमच्या ध्यानी आलेच असेल. सिंह, तरस आणि चित्ते भोवती टपलेले असतात. परंतु सर्व वासरे एकदम जन्मल्यामुळे शत्रूंची पोटे भरूनही पुष्कळ वासरे वाचतात. तीच वर्षभर थोडी थोडी जन्मली असती, तर शत्रूंनी एकेक करून बहुतेक सर्वच टिपली असती.

या कळपांत आणखी एक नवल पाहण्यासारखे आहे. झेब्रा, नू आणि लहानगे थॉमसनचे हरिण हे तिघेही गवतच खातात. पण त्यांच्यात फारसे भांडण होत नाही. झेब्रा उंच वाढलेल्या गवताचे राठ देठ खातो. तो पुढे गेला की खालची पाने मोकळी होतात, ती नू खातो. त्याच्यामागून येणारे हरिण जमिनीलगतचे कोवळे कोंब खुडते. एकाच माळावर तिघांची पंगत अशी पाठोपाठ बसते.

एवढे वैभव पाहून हे कळप अनादिकाळापासून असेच भरलेले असतील, असे आपल्याला वाटते. इतिहास मात्र निराळा आहे. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडी हा गुरांचा भयंकर रोग पसरला. मसाई लोकांचे सारे जीवन गाईगुरांवर अवलंबून. त्यांचे गोठे ओस पडले. पाठोपाठ दुष्काळ आणि उपासमार आली. नू आणि रानरेडे हेही त्याच रोगाने हजारोंच्या संख्येने मेले. पुढे कित्येक वर्षे हा रोग नूंच्या वासरांना दरवर्षी मारीत राहिला. वन्य प्राण्यांमुळेच गुरांना रोग होतो, असा लोकांचा समज होता. विसाव्या शतकाच्या मध्याला आसपासच्या गुरांना नियमाने लस टोचण्यास आरंभ झाला आणि एक आश्चर्य घडले. लस दिली ती गुरांना. परंतु थोड्याच वर्षांत नूंमधूनही रोग नाहीसा झाला! रोग गुरांकडून रानात जात होता, हे त्यावरून उघड झाले. १९६१ साली सुमारे अडीच लाख असलेले नू १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. २०११ साली बुळकांडी सर्व जगातून समूळ नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यात आले. माणसाने पृथ्वीवरून पूर्णपणे घालवलेला, देवीनंतरचा हा दुसरा रोग होय.

नू इतके होते आणि इतके झाले, हे कळले कशामुळे? कोणीतरी मोजले म्हणून. सेरेंगेटीच्या प्राण्यांची पहिली मोठी मोजणी बर्नहार्ट ग्रझिमेक आणि त्यांचा तरुण पुत्र मिखाएल या जर्मन पितापुत्रांनी केली. पिता फ्रँकफुर्ट येथील प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख होते. त्या काळी उद्यानाच्या सीमा बदलण्याचा विचार चालू होता. पण कळप वर्षभर कोठे कोठे जातात, हे कोणासच नीट ठाऊक नव्हते. पितापुत्र विमान चालवण्यास शिकले. झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या आपल्या छोट्या विमानातून त्यांनी १९५८ च्या आरंभी माळावर पट्ट्यापट्ट्याने उड्डाणे केली आणि साडेतीन लाखांहून अधिक मोठे प्राणी मोजले. १० जानेवारी १९५९ रोजी मिखाएल एकटाच विमानात असताना ते एका गिधाडावर आदळून कोसळले. मृत्यूसमयी मिखाएल अवघा चोवीस वर्षांचा होता. गोरोंगोरोच्या कड्यावर त्याची समाधी आहे. पुढे १९८७ साली पिता निवर्तले, तेव्हा त्यांच्या अस्थींनाही तेथेच विसावा देण्यात आला. पाहणे हे किती गंभीर काम असू शकते, हे या दोघांच्या चरित्रावरून समजते.

याच वर्षी, म्हणजे १९५९ साली, सेरेंगेटीच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या मसाई कुटुंबांना उद्यानाची हद्द सोडून शेजारच्या गोरोंगोरोच्या प्रदेशात जावे लागले. प्राण्यांसाठी राखलेल्या भूमीची किंमत अशा रीतीने काही माणसांनीही मोजली आहे. मोटारीतून माळाची शोभा पाहणाऱ्याने हे विसरू नये.

आता संध्याकाळ होत आली आहे. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामास पोहोचावे लागते, कारण रात्री उद्यानात मोटारी फिरवण्यास परवानगी नाही. अशा वेळी डोळ्यांचे काम कान करू लागतात. दुरून एक आवाज येतो. खालच्या सुरात आरंभून वर चढत जाणारी लांब हाक. हा ठिपकेवाला तरस. तरसाविषयी लोकांचे मत चांगले नाही. तो भित्रा, उष्टे खाणारा, सिंहाच्या पंगतीत चोरी करणारा, असे पूर्वीपासून मानले जाई. सकाळी प्रवासी पाहतात ते असे : मध्ये सिंह जेवीत आहे आणि भोवती तरस वाट पाहत उभे आहेत. यावरून शिकार सिंहाची, हे कोणीही ठरवील. परंतु हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात चांदण्या रात्री जागून तरसांचा पाठलाग केला, तेव्हा त्याला उलटेच दिसले. तरस हा मोठा कुशल शिकारी निघाला. आपल्या अन्नाचा बराच मोठा भाग तो स्वतः शिकार करून मिळवतो. गोरोंगोरोत तर पुष्कळदा शिकार तरसांनी केलेली असते आणि सिंह ती बळाने हिरावून घेतो. सकाळी तेथे पोहोचणाऱ्यास गोष्टीचा शेवट तेवढा दिसतो. म्हणून अर्धे पाहून पुरा निकाल देऊ नये, ही शिकवण तरसाकडून घेण्यासारखी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्या आपल्याला एक वारूळ दाखवतो. त्यावर एक चित्तीण ताठ बसली आहे. अंग सडपातळ, पाय लांब, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारख्या दोन काळ्या रेघा. वारुळाच्या उंचीवरून ती माळ न्याहाळीत आहे. गवतात तिची तीन पिल्ले दडली आहेत. चित्ता ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने धावू शकतो. पण हा वेग त्याला काहीशे मीटरच टिकवता येतो. म्हणून सावजाच्या शक्य तितके जवळ लपतछपत जाणे त्याला भाग असते. शिवाय सिंह आणि तरस यांच्या भीतीने तो बहुधा दिवसाच शिकार करतो. आणि दिवस ही तर प्रवाशांचीही वेळ!

ही गोष्ट चित्त्याला किती महाग पडते, ते पाहा. एक मोटार थांबते. तिला पाहून दुसरी येते. मग पाचवी, दहावी. कोणाला छायाचित्र अधिक जवळून हवे असते, म्हणून चालक नियम मोडून गवतात मोटार घालतो. इंजिनांची घरघर आणि माणसांचा गलबला ऐकून हरणे सावध होऊन दूर जातात. चित्तिणीची शिकार फसते. पिल्ले उपाशी राहतात. प्रसंगी मोटारींची गर्दी पाहूनच सिंह किंवा तरस यांना तिचा ठावठिकाणा लागतो. सेरेंगेटीला लागूनच असलेल्या केनियातील मसाई मारा या अरण्यात चित्त्यांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जेथे प्रवाशांची वर्दळ फार, तेथे माद्यांची फारच थोडी पिल्ले मोठी होतात, असे त्यात आढळून आले. बंदूक न उचलता, केवळ पाहण्याच्या हव्यासाने, माणूस चित्त्याच्या पिल्लांचा घात करू शकतो!

म्हणूनच आपला वाटाड्या दूर अंतरावर मोटार उभी करतो आणि इंजिन बंद करतो. कोणी बोलत नाही. अर्धा तास जातो. चित्तीण एकदा आपल्याकडे पाहते, जांभई देते आणि पुन्हा माळाकडे मान वळवते. आपण तिच्या लेखी आता एका खडकाहून अधिक कोणी नाही. हळूहळू ती खाली उतरते, मान जमिनीलगत ठेवून गवतात शिरते आणि दिसेनाशी होते. पुढे काय झाले ते आपल्याला दिसत नाही. मागे जाऊन पाहावे असा मोह सर्वांना होतो. परंतु वाटाड्या मोटार दुसरीकडे वळवतो. "ती शिकारीला गेली आहे," तो म्हणतो, "तिला तिचे काम करू द्यावे."

आपल्या देशातील चित्ते नाहीसे झाल्याची दुःखद कथा तुम्ही ऐकली असेल. एके काळी भारताच्या माळांवरही चित्ते धावत होते. शिकार आणि माळांचा ऱ्हास यांमुळे ते नष्ट झाले आणि १९५२ साली देशातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आफ्रिकेतील नामिबिया देशातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. गेलेला प्राणी परत आणणे किती कष्टाचे असते, हे आपण आता प्रत्यक्ष पाहत आहोत. असलेला राखणे त्याहून कितीतरी सोपे.

प्रवासाचा शेवटचा टप्पा गोरोंगोरोचा. सेरेंगेटीच्या आग्नेयेस असलेले हे स्थळ म्हणजे एका प्राचीन ज्वालामुखीचे प्रचंड मुख आहे. पर्वताचा माथा आत खचून सुमारे ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटर विस्ताराचे एक विशाल पात्र तयार झाले आहे. त्याच्या तळाशी गवत आहे, तळी आहेत, झाडी आहे. तेथे उतरल्यावर दुपारी बऱ्याच शोधानंतर, दूर गवतात एक करडा खडक हलताना दिसतो. तो काळा गेंडा!

दुर्बिणीतूनही तो लहानच दिसतो. पण त्याचे दर्शन मोठ्या भाग्याचे मानतात. १९६० च्या दशकात गोरोंगोरोच्या तळाशी शंभराहून अधिक गेंडे होते. शिंगांसाठी चोरटी शिकार इतकी माजली, की १९९० च्या दशकाच्या आरंभी विसांहूनही कमी उरले. साऱ्या आफ्रिकेत १९७० साली सुमारे पासष्ट हजार काळे गेंडे होते. १९९५ पर्यंत अडीच हजारही राहिले नाहीत. आणि हे कशासाठी? गेंड्याचे शिंग ज्या द्रव्याचे बनलेले असते, तेच द्रव्य आपल्या नखांत आणि केसांत असते! त्यात औषधी गुण असल्याच्या समजुतीने काही लोक त्याला अफाट किंमत देतात. पुढे वनरक्षकांचे पहारे वाढले, गेंड्यांवर दिवसरात्र लक्ष ठेवले जाऊ लागले, आणि आज आफ्रिकेतील काळ्या गेंड्यांची संख्या पुन्हा सहा हजारांच्या वर गेली आहे. वनरक्षकही गेंडा पाहतच असतो. कोणता गेंडा काल कोठे होता, आज दिसला की नाही, त्याच्या कानाला कोठे चीर आहे, हे सारे तो ध्यानात ठेवतो. त्याच्या पाहण्यावर त्या प्राण्याचे प्राण अवलंबून असतात.

मुलांनो, सेरेंगेटीला जाण्याचा योग सर्वांस येईलच असे नाही. पण पाहण्याची विद्या शिकण्यास तितक्या दूर जाण्याची आवश्यकता नाही. गावाबाहेरच्या तळ्यावर बगळा उभा असतो. शाळेच्या कुंपणावर सरडा असतो. बांधावरच्या बाभळीत सुगरणीची घरटी लोंबत असतात. तेथे जावे, अंतर राखून बसावे आणि गप्प राहावे. कोण येते, काय खाते, कोणाची हाक ऐकून कोण उडते, हे पाहून वहीत टिपून ठेवावे. घरट्याला हात लावू नये. पिल्लांजवळ गर्दी करू नये. आपल्या येण्याने बगळ्याची मासेमारी थांबली नाही, तर आपण चांगले पाहणारे झालो असे समजावे.

स्वाध्याय

१. खालील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा.
(अ) 'सफारी' या शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला?
(आ) गिधाडे झाडावर मुकाट्याने बसलेली दिसली, तर जाणता वाटाड्या काय ओळखतो?
(इ) नूच्या माद्या दक्षिणेच्या माळावरच का वितात?

२. कारणे द्या.
(अ) गुरांना लस टोचल्यावर नूंची संख्या वाढली.
(आ) झेब्रा, नू आणि हरिण एकाच माळावर सुखाने चरतात.
(इ) वाटाड्याने चित्तिणीच्या मागे मोटार नेली नाही.

३. 'अर्धे पाहून पुरा निकाल देऊ नये.' तरसाच्या उदाहरणावरून या वाक्याचा अर्थ आठ-दहा ओळींत स्पष्ट करा. तुमच्या अनुभवातील असेच एखादे उदाहरण द्या.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : यथार्थ, उतावीळ, वर्दी, हव्यास, नामशेष.

५. आठवडाभर रोज सकाळी अर्धा तास एका ठिकाणी शांत बसा. तेथे दिसलेल्या पशुपक्ष्यांच्या हालचालींची नोंद ठेवा व ती वर्गात वाचून दाखवा.